जहाजावरचं फिलिपिनो चिकन नूडल सूप इंदुरात कसं करायचं?

गच्चीवरची_शेगडी:
नमस्कार मंडळी, नवरा मर्चंट नेव्हीत आहे, सध्या सुट्टीवर घरी आलाय आणि आल्या आल्या सर्दीने बेजार. त्यांच्या जहाजावर कुक फिलिपिनो होता, कोणी आजारी पडलं की तो एक चिकन सूप करायचा, पिवळसर रंग, त्यात काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या बारीक नूडल्स आणि वरून कुरकुरीत लसूण. आता रोज तेच पुराण चाललंय, नाव मात्र साहेबांना आठवत नाहीये. मी चिकन करते पण आपलं रस्स्याचं, हे असलं कधी केलं नाही. सासूबाई खात नाहीत त्यामुळे नॉनव्हेज सगळं वर गच्चीत वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यांत होतं, म्हणजे फार लटांबर नको. इंदुरात या नूडल्स मिळतील का आणि फिश सॉस घालायलाच लागतो का? रविवारी करायचा विचार आहे.

खलाशी_रिटायर्ड:
वहिनी, हे सोतांघॉन. नूडल्सचं नाव तेच आणि सूपचंही तेच. फिलिपिनो कुकच्या हाताखाली वर्षानुवर्षं जेवलोय, सांगतो तसं करा.

अर्धा किलो चिकन हाडासकट घ्या, बोनलेस अजिबात नको, सगळी चव हाडात आहे. साधारण दोन लिटर पाण्यात कांदा, आल्याचा तुकडा आणि अख्खे मिरे घालून मंद गॅसवर पाऊण तास उकळा, वर फेस येईल तो काढत राहा नाहीतर सूप गढूळ होतं. चिकन काढून हाताने बारीक रेषे करा, पाणी गाळून ठेवा. आता लसूण. बारीक चिरलेला भरपूर लसूण गार तेलात घालायचा आणि मग गॅस लावायचा, एकदम बारीक. फिकट सोनेरी दिसला की लगेच गाळणीत काढा कारण बाहेर काढल्यावरही तो रंग धरत राहतो, कढईतच लाल होऊ दिलात तर कडू झालाच म्हणून समजा. त्याच तेलात कांदा, थोडा कच्चा लसूण, मग चिकन परता, फिश सॉस एक मोठा चमचा, गाळलेलं पाणी, गाजराच्या काड्या, उकळी आली की कोबी आणि शेवटी नूडल्स. या नूडल्स आधी दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात भिजवून कात्रीने कापून घ्यायच्या, नाहीतर वाटीतून चमच्यात येतच नाहीत. सूपमध्ये चारपाच मिनिटं पुरे. वर तळलेला लसूण, पातीचा कांदा, मिरपूड.

नर्मदा_नळ:
यावर थोडी लौंग की शेव आणि आपला इंदुरी जिरावण मसाला टाकला तर चालेल का भिया 😄

खलाशी_रिटायर्ड:
@नर्मदा_नळ तुम्ही चहावर पण टाकाल.

किराणा_एक्सपर्ट:
नूडल्सबद्दल सांगते. सियागंजच्या बाजारात ग्लास नूडल्स मागाल तर बहुतेक फालुद्याची शेव हातात ठेवतील, ती नका घेऊ, सूपमध्ये लगदा होतो. मोठ्या सुपरमार्केटच्या चायनीज सामानाच्या रांगेत किंवा ऑनलाइन मिळतात. पाकिटावरच्या चित्रावर आणि मोठ्या अक्षरांतल्या नावावर जाऊ नका, मागे उलटून घटक वाचा, मूग किंवा मटारचं स्टार्च लिहिलेलं असेल तर त्याच. तांदूळ लिहिलंय तर त्या राइस नूडल्स, शिजल्यावर पांढऱ्या दिसतात, वाईट नाही लागत पण साहेब ओळखतील. १०० ग्रॅम चार जणांना आरामात होतात, जास्त घालू नका, त्या पाणी इतकं पितात की सूपची भाजी होते.

गच्चीवरची_शेगडी:
खलाशी दादा, किराणा ताई, खूप खूप आभार 🙏 नाव सांगितल्यावर नवरा उडालाच, हेच हेच म्हणाला. फक्त तो पिवळा रंग कशाचा? हळद घालू का? आणि फिश सॉसचं राहिलंच, वास खाली सासूबाईंपर्यंत गेला तर माझं काही खरं नाही.

मनिलाची_मावशी:
माझी मुलगी मनिलात असते, तिच्याकडे जाऊन राहिलेय म्हणून लिहिते. रंग आचुएतेचा, म्हणजे आपल्याकडे शेंदरी म्हणतात त्या झाडाच्या बिया. मूळ अमेरिकेतलं झाड, स्पॅनिश लोकांची जहाजं १५६५ ते १८१५ मेक्सिको ते मनिला ये-जा करायची, त्या व्यापारात तिकडे गेलं. बिया कोमट तेलात घालून रंग उतरला की बिया फेकून द्यायच्या. पण त्याला चव जवळजवळ नसतेच, नुसता रंग, त्यामुळे त्यासाठी वणवण करू नका. हळद घालायचीच तर अगदी चिमूट, जास्त झाली की सर्दीचा काढा लागतो.

फिश सॉसला ते पातिस म्हणतात. बाटली उघडल्यावर वास येतो खरा, उकळत्या सूपमध्ये बराच उतरतो. पण सासूबाईंचं मन राखायचं असेल तर बाटली आणूच नका, मीठ आणि अर्धा चमचा सोया सॉस घाला, चव अगदी तीच नाही येणार पण सूप छान होतं. त्यापेक्षा लिंबू विसरू नका. तिकडे कालामान्सी नावाचं इवलंसं लिंबू पिळतात, आपलं कागदी चालतं, पण वाटीत वाढल्यावर पिळायचं, पातेल्यात नाही.

आणि हे सगळं झेपलं नाही तर तिनोला करा, नूडल्स नाहीत पण आजारपणात तिकडे तेही करतात, आलं घातलेल्या चिकनच्या पाण्यात कच्ची पपई आणि शेवग्याचा पाला. सगळं तुमच्या भाजीवाल्याकडे मिळेल.

गच्चीवरची_शेगडी:
शेवगा तर आमच्या गल्लीतच आहे! पण आधी सोतांघॉन, नाहीतर हट्ट संपायचा नाही. सकाळी करून रात्री परत गरम केलं तर चालेल ना?

किराणा_एक्सपर्ट:
सूप चालेल, नूडल्स नाही. सूप आणि चिकन फ्रिजमध्ये ठेवा, नूडल्स रात्रीपुरत्या वेगळ्या भिजवा आणि उकळत्या सूपमध्ये टाका. लसूण घट्ट झाकणाच्या डबीत, फ्रिजबाहेर.

नर्मदा_नळ:
जिरावणाचं उत्तर अजून मिळालं नाही.