१५ लाखांची नोकरी सोडून १५ लाखांचं कंत्राट: हातात खरंच किती उरतं?

पिंपरीकर
पुण्याच्या हिंजवडी-खराडीत आयटीतल्या बऱ्याच जणांना सध्या एकच प्रस्ताव येतोय: 'पगारावरून कंत्राटावर या. सीटीसीचा (तुमच्यावर कंपनी वर्षाला करते त्या एकूण खर्चाचा) आकडा तोच ठेवू, आणि दर महिन्याला हातात जास्त पडतील.' माझं स्पष्ट मत आहे की सीटीसीएवढ्या रकमेवर कंत्राट घेऊ नये. निदान सव्वापट मागा.

आर्थिक वर्ष २०२५-२६ चे नियम आणि नवी करप्रणाली धरून हिशेब मांडतो. सीटीसी १५ लाख, बेसिक (मूळ पगार) निम्मं. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ ९०,००० आणि ग्रॅच्युइटीचे ३६,००० आधीच वजा. मग तुमच्या वाट्याचा पीएफ आणखी ९०,०००, प्रोफेशनल टॅक्स २,५००, आयकर सेससकट ७७,८०० च्या आसपास. उरले वर्षाला १२ लाख ३ हजार, म्हणजे महिन्याला एक लाख.

आता कंत्राट. बिल महिन्याला १,२५,०००. दहा टक्के टीडीएस (क्लायंट आधीच कापून सरकारकडे भरतो तो कर) कापून खात्यात १,१२,५००. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४४ एडीए (ठरावीक व्यावसायिकांना खर्चाचा हिशेब न देता अंदाजे उत्पन्न दाखवू देणारं) लावलं तर निम्मीच रक्कम, साडेसात लाख, उत्पन्न धरली जाते, आणि १२ लाखांपर्यंत सवलत असल्याने कर शून्य. टीडीएस रिटर्न भरल्यावर परत. प्रोफेशनल टॅक्सचे २,५०० इथेही आहेतच, आता स्वतः भरायचे. वर्षाला हातात १४ लाख ९७ हजार.

फरक २ लाख ९४ हजारांचा. वाचून कुणालाही मोह होईल. पण त्यातले २ लाख १६ हजार म्हणजे पीएफचे दोन्ही हिस्से आणि ग्रॅच्युइटी. पीएफ आधीही तुमच्याच नावावर जमा होत होता, आणि ग्रॅच्युइटी साधारण पाच वर्षं नोकरी पूर्ण केल्यावर मिळाली असती. खरा फायदा फक्त वाचलेल्या आयकराचा, ७७,८००. महिन्याला २१ दिवस धरले तर एका दिवसाचं बिल साधारण ५,९५० रुपये होतं. वर्षात तेरा दिवसांचं बिल लागलं नाही, की तो फायदा संपला. गणपती, दिवाळी, एखादा व्हायरल ताप यातच तेरा दिवस जातात.

कोड_आणि_कोकण
पूर्ण असहमत. पहिली गोष्ट, सगळ्या कंपन्या बेसिकच्या १२ टक्के पीएफ कापत नाहीत. आमच्याकडे महिन्याला १,८०० च कापायचे, त्यामुळे तुमचा २ लाख १६ हजारांचा आकडा सगळ्यांना लागू नाही. दुसरी, पीएफमध्ये अडकलेल्या पैशापेक्षा हातातला पैसा मला जास्त उपयोगी आहे. मी तो गृहकर्जात भरतो आणि व्याज वाचवतो. कुठे गुंतवायचं हे कंपनीने का ठरवावं?

आणि आकडा जरा वाढवून बघा. सीटीसी २४ लाख असेल तर तुमच्याच पद्धतीने पगारदाराचा आयकर २ लाख ४० हजारांच्या घरात जातो. २४ लाखांच्या कंत्राटावर ४४ एडीएने उत्पन्न १२ लाख, कर शून्य. २० लाखांवर जीएसटी नोंदणी लागते, पण ते १८ टक्के क्लायंट देतो आणि बहुतेक कंपन्यांना त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढा कर त्यांच्या जीएसटीतून वजा होतो. एवढा पैसा सोडून देऊ?

सावनी_ठाणे
या धाग्यात कुणीच बायकांच्या बाजूने हिशेब केलेला नाही. कायद्याने नोकरीत पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. कंत्राटात ती शून्य. १५ लाखांवर अर्धं वर्ष म्हणजे साडेसात लाख. शिवाय कंपनीचा ग्रुप विमा गेला. नवी पॉलिसी घेतली तर बाळंतपणाच्या खर्चासाठी बहुतेक वेळा प्रतीक्षा काळ असतो. माझ्या जवळच्या मैत्रिणीने लग्नानंतर लगेच कंत्राट घेतलं आणि बाळाच्या वेळी सगळी बचत मोडली. तिच्या कामात काहीच कमी नव्हतं. मूल हवं असलेल्या मुलीला 'कर वाचतो' एवढंच सांगून मोकळं होणं मला पटत नाही.

जुना_सीए
दोन्ही बाजूंनी ४४ एडीए गृहीतच धरलंय, म्हणून लिहितो. ते ठरावीक व्यवसायांनाच आहे: डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, तांत्रिक सल्लागार, माहिती तंत्रज्ञान वगैरे. मर्यादा ५० लाख, रोखीतली जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. आणि तीच कंपनी, तोच साहेब, तीच हजेरी, फक्त कागदावर 'सल्लागार' असं असेल, तर उद्या आयकर खातं त्याला पगारच म्हणू शकतं. करार करताना कामाचं स्वरूप खरोखर स्वतंत्र ठेवा.

कोड_आणि_कोकण, तुम्ही गृहकर्जाचं म्हणालात. बँक स्वतंत्र व्यावसायिकाची सहसा दोन-तीन वर्षांची रिटर्न्स बघते. तुमच्या रिटर्नमध्ये उत्पन्न १२ लाख दिसेल, २४ नाही. वाचवलेला कर कर्जाच्या पात्रतेत आडवा येतो. ज्याला पुढच्या दोन वर्षांत घर घ्यायचंय त्याने आधी कर्ज मंजूर करून घ्यावं, मग नोकरी सोडावी.

कोड_आणि_कोकण
कर्जाचा मुद्दा मान्य. माझं कर्ज नोकरीत असतानाच झालं होतं. पण रजेचं रडगाणं मला पटत नाही. करारातच लिहून घ्या की बिल महिन्याचं ठरलेलं असेल आणि वर्षाला २० दिवस सुट्टी त्यात धरलेली असेल. माझ्या क्लायंटने एका मेलवर मान्य केलं. मागत नाही म्हणून मिळत नाही.

विदर्भातली_अनुवादक
तुम्हा आयटीवाल्यांना एक क्लायंट महिन्याला लाख देतो, म्हणून सोपं वाटतं. अनुवाद ४४ एडीएच्या यादीत स्पष्ट शब्दांत नाही. मी खरा खर्च दाखवते: इंटरनेट, लॅपटॉपचा घसारा, सॉफ्टवेअरची फी. वह्या ठेवाव्या लागतात, पण जमतं.

माझा खरा प्रश्न उशिराने येणाऱ्या पैशाचा आहे. मार्चचं बिल जुलैत मिळालं तर एप्रिलचं भाडं कशातून द्यायचं? नव्या लोकांनी उद्यमची (लघुउद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवरची) मोफत नोंदणी पहिल्याच आठवड्यात करावी. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, नाहीतर व्याज. बिलावर उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून माझे पैसे लवकर येतात. बाकी, सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवल्याशिवाय नोकरी सोडू नका, हे मी भांडून सांगेन.

पिंपरीकर
२४ लाखांवर फायदा मोठा आहे, हे मान्य. माझा धागा १०-१५ लाखवाल्यांसाठी होता, आणि तिथे मी सव्वापटीवर ठाम आहे. १५ च्या सव्वापट पावणेएकोणीस लाख. म्हणजे जीएसटीच्या २० लाखांच्या आतच, आणि ४४ एडीएने करही शून्य. वरच्या पावणेचार लाखांत महिनाभराच्या रजेचे १ लाख ५६ हजार, घरच्यांचा आरोग्य विमा, टर्म विमा आणि सीएची फी बसते. सावनीताईंचा हिशेब मात्र यातही बसत नाही. तिथे मी नोकरीच सांगेन.

टीडीएसचे महिन्याला साडेबारा हजार वर्षभर अडकतात त्याचं काय करायचं? जुना_सीए, टीडीएस कमी दराने कापण्याच्या दाखल्यासाठी पहिल्याच वर्षी अर्ज करता येतो का?

जुना_सीए
अर्ज करता येतो. पण अधिकारी मागची रिटर्न्स बघतो आणि तुमची सगळी पगाराची असतील, त्यामुळे कराराची प्रत आणि वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज जोडा. नाहीच मिळाला, तर रिटर्न भरायची सोय सुरू झाल्याबरोबर भरा, शेवटच्या तारखेची वाट बघू नका.