धरणाच्या पाण्यात होडीवरचे दिवे आणि बोये

गोदाकाठ (पैठण तालुका):
नाथसागरात आमच्याकडील मासेमार पहाटेच्या अंधारात इंजिनाच्या होड्या घेऊन निघतात. समोरची होडी आपल्याकडे येते आहे की दूर चालली आहे, हे नुसत्या बॅटरीच्या उजेडावरून कळत नाही. होडीवर कोणते दिवे असावेत आणि लाल-हिरव्या बोयांचा (नांगरून ठेवलेल्या तरंगत्या खुणांचा) अर्थ येथेही कोकण किनाऱ्यासारखाच घ्यावा काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सुकाणू:
जहाजांच्या टकरी टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम समुद्रासाठी असले, तरी दिव्यांची तीच पद्धत धरणातही पाळावी. होडीच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून उभे राहिल्यास डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो. शिवाय इंजिनाच्या होडीला पुढे रोखलेला एक पांढरा दिवा उंचावर लागतो. लाल आणि हिरवा हे दोन्ही एकदम दिसले, तर होडी थेट आपल्यावर येत आहे असे समजून दोघांनीही उजवीकडे वळावे. आपल्या उजव्या हाताकडून आडव्या येणाऱ्या होडीचा लाल दिवा दिसल्यास वाट आपण द्यायची. सात मीटरपेक्षा लहान आणि ताशी सात सागरी मैलांहून अधिक वेग नसलेल्या होडीला चारही दिशांनी दिसणारा एकच पांढरा दिवा चालतो, परंतु त्यावरून तिची दिशा कळत नाही. म्हणून बाजूचे दिवे शक्य असल्यास लावावेतच, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

खाडीकाठ:
बोयांचे प्रकरण वेगळे आहे. भारतात समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवतात. बाहेर पडताना हे उलटते. धरणात ‘समुद्राकडून’ अशी दिशाच नसल्यामुळे, कोणत्या दिशेने मोजायचे हे आधी ठरवून सर्वांना कळवल्याशिवाय लाल-हिरवे बोये लावणे घातक ठरेल.

गोदाकाठ:
आभारी आहे. आमची खरी भीती बुडालेल्या जुन्या भिंतींची आहे, कारण उन्हाळ्यात पाणी उतरले की त्या पृष्ठभागाच्या अगदी खाली येतात.

खाडीकाठ:
भोवती खोल पाणी असलेल्या एकट्या अडथळ्यासाठी वेगळी खूण आहे: काळ्या रंगावर लाल आडवे पट्टे, माथ्यावर एकावर एक दोन काळे गोळे आणि रात्री दोन-दोनदा लुकलुकणारा पांढरा दिवा. मात्र नांगराचा दोर भरलेल्या धरणाच्या खोलीइतका लांब ठेवल्यास पाणी उतरल्यावर बोया अडथळ्यापासून दूर वाहत जातो, म्हणून पातळी बदलेल तसा तो दोर आखडून घ्यावा लागेल.