पावडर ब्लू माशावर पांढरे ठिपके, समुद्री टँक, जळगाव: कॉपर (तांब्याचं औषध) टाकू की थांबू?

तापीकाठ_जळगाव · १३ मे, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. ३०० लिटरचा समुद्री टँक आहे, दीड वर्ष झालं. आत दोन ओसेलारिस क्लाउन, एक यलो टँग, एक रॉयल ग्रामा हे मासे, दोन क्लीनर श्रिंप, थोडे हर्मिट खेकडे आणि झोअँथस प्रवाळांचे दोन-तीन दगड. नऊ दिवसांपूर्वी मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पावडर ब्लू टँग मागवला. पिशवी तासभर तरंगत ठेवली आणि सरळ आत सोडला. वेगळं ठेवायला दुसरी टाकी नव्हती. चूक माझी आहे.

परवा त्याच्या पंखांवर पांढरे दाणे दिसले. काल सकाळी बरेचसे गेलेले, मला वाटलं बरा झाला. आज संध्याकाळी दुपटीने आलेत आणि यलो टँगच्या शेपटीवरही चार-पाच आहेत. पावडर ब्लू दगडाला अंग घासतो, अधूनमधून पावरहेडसमोर (पाणी फिरवणाऱ्या पंपासमोर) थांबतो. नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) खातो, पण कमी. अमोनिया शून्य, नायट्रेट २०, तापमान ३०.५, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या मीटरवर) १.०२५.

इथल्या दुकानातून निळ्या औषधाची बाटली आणली. तिच्यावर ना कंपनीचं नाव, ना प्रमाण. "कॉपर आहे, शंभर लिटरला एक झाकण" एवढंच सांगितलं. आता टाकू का? माझी मुलगी सकाळी उठली की आधी क्लाउनपुढे जाऊन बसते. कृपया लवकर सांगा.

खारंपाणी_धुळे · १३ मे, रात्री १०.५८

भाऊ, ती बाटली आधी बाजूला ठेवा. मेन टँकमध्ये कॉपर गेलं तर श्रिंप, खेकडे, गोगलगायी, झोअँथस सगळं मरेल. शिवाय दगड आणि वाळू कॉपर शोषून घेतात, त्यामुळे माशाला लागणारी मात्रा पाण्यात टिकत नाही आणि टँक मात्र पुढे कायमचा संशयात राहतो.

आता टॉर्च घ्या, टँकचा लाइट बंद करा आणि माशावर बाजूने प्रकाश टाका. दाणे मोजता येतात का? मीठ शिंपडल्यासारखे सुटे आहेत, की पिठाची भुकटी उडाल्यासारखा बारीक पिवळसर थर आहे? कल्ले मिनिटाला किती वेळा हलतात ते घड्याळ लावून मोजा, पावडर ब्लूचे वेगळे आणि क्लाउनचे वेगळे. क्लाउनच्या अंगावरून पांढरा चिकट पापुद्रा सुटतोय का तेही बघा.

हे आत्ताच विचारते कारण भुकटीसारखा थर, जोरजोरात श्वास, उजेड टाळणं आणि सतत प्रवाहात तोंड धरून राहणं म्हणजे व्हेल्व्हेट रोग असू शकतो. त्याचा परजीवी, अमायलोडिनियम, आधी कल्ल्यांत बसतो. अंगावर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, दोन-तीन दिवसांत टँक रिकामा होतो. इक (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) असेल तर तुमच्याकडे थोडा वेळ आहे.

नवामासा · १३ मे, रात्री ११.१०

माझ्या गोड्या पाण्याच्या टँकमध्ये इक झाला होता. तापमान ३२ केलं, खाण्यात लसूण दिला, आठवड्यात साफ. दादांनी तसंच करून पाहावं.

प्राणीशास्त्र_अमळनेर · १३ मे, रात्री ११.३१

गोड्या पाण्यातला इक वेगळा जीव आहे, समुद्री इक वेगळा. नाव सारखं पडलं म्हणून उपाय सारखा होत नाही. समुद्री इक, म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन, उष्णतेने मरत नाही, उलट त्याचं चक्र वेगाने फिरतं. आणि पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो. २५ अंशांना समुद्राच्या पाण्यात लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३२ ला जेमतेम सहा. ज्याचे कल्ले आधीच पोखरलेत त्याला हा फरक सोसवत नाही. लसणाने भूक वाढत असेल तर द्या, पण त्याला औषध समजू नका. क्लीनर श्रिंपही इक बरा करत नाही.

काल दाणे गेले त्याचंही कारण सांगतो. परजीवी माशाच्या कातडीखाली तीन ते सात दिवस वाढतो, मग गळून खाली पडतो आणि दगडावर, वाळूवर, काचेवर कवच करून बसतो. त्या कवचातून शेकडो पिल्लं निघतात, त्यांना दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध लागू पडतं ते या मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखालच्याला नाही, कवचातल्यालाही नाही. म्हणून ठिपके गेले की मासा बरा झाला असं धरून चालत नाही, आणि गोड्या पाण्याच्या डुबकीने इक जात नाही तोही याच कारणाने.

जवळपास कुणाकडे मायक्रोस्कोप आहे का? असेल तर उद्या सकाळी काम होईल.

तापीकाठ_जळगाव · १४ मे, रात्री १२.०५

टॉर्चने पाहिलं. दाणे सुटे आहेत, पावडर ब्लूच्या एका बाजूला साधारण चाळीस. भुकटी नाही. क्लाउन स्वच्छ, पापुद्रा नाही. पावडर ब्लूचे कल्ले मिनिटाला १२० च्या वर, क्लाउनचे ७५. शेजारच्या डॉक्टरांची पॅथॉलॉजी लॅब आहे, सकाळी सातला उघडतात. सर, नमुना कसा घ्यायचा?

प्राणीशास्त्र_अमळनेर · १४ मे, पहाटे ५.५०

ओल्या हाताने मासा हलका धरा. काचेच्या पट्टीची कड डोक्याकडून शेपटीकडे, खवल्यांच्या दिशेने एकदाच फिरवा. जो चिकट पदार्थ निघेल त्यावर टँकच्याच पाण्याचा थेंब टाका, नळाचा नाही. वर कव्हरस्लिप आणि दहा मिनिटांत लॅबमध्ये. नमुना सुकला किंवा मेलेल्या माशाचा असला तर काही दिसणार नाही.

शंभर पटीत बघायला सांगा. गोल, गडद आणि संथ गिरक्या घेणारा जीव दिसला तर इक. न हलणारी तपकिरी थेंबासारखी पेशी असेल तर व्हेल्व्हेट. घेवड्याच्या दाण्यासारखा आकार आणि लगबगीने पळणारा असेल तर ब्रुकलिनेला नावाचा परजीवी, तो क्लाउनवर जास्त येतो.

भुसावळ_लोको · १४ मे, सकाळी ६.२५

रोगाचं सर आणि ताई सांगतीलच, मी उन्हाळ्याचं बोलतो. आपल्याकडे मे महिन्यात ३०.५ म्हणजे दुपारी लाईट गेली की ३२-३३. चिलर परवडत नसेल तर टँकचं झाकण काढा, पाण्यावर तिरपे दोन छोटे फॅन लावा. मुंबईच्या दमट हवेत याचा फारसा उपयोग होत नाही, पण आपल्या कोरड्या हवेत कूलर खोली गार करतो तसाच टँक गार होतो. माझा तीन अंशांनी उतरतो.

पण पाणी फार उडतं. माझ्या २५० लिटरमध्ये मे महिन्यात रोज पाच-सहा लिटर भरावं लागतं. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. भर आरओच्या गोड्या पाण्याचीच घाला, मिठाच्या पाण्याची नाही. आणि तुमचा रिफ्रॅक्टोमीटर शेवटचा कधी तपासलात? साधे मीटर सरकतात. साडेछत्तीस ग्रॅम साधं मीठ ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, त्यावर मीटरने ३५ दाखवलं पाहिजे, म्हणजे १.०२६४. हे द्रावण फक्त मीटर तपासायला, टँकमध्ये घरचं मीठ चालत नाही.

बॅटरीवरचा एअर पंप आजच आणा. भारनियमन रात्री झालं तर आजारी मासा सकाळ बघत नाही.

तापीकाठ_जळगाव · १४ मे, सकाळी ९.१५

सर, गोल, काळपट, हळूहळू फिरणारे. एकाच पट्टीवर तीन दिसले. डॉक्टरांनी व्हिडिओ काढून दिला, तो तुम्हाला पाठवलाय.

आणि लोकोभाऊ, तुमच्या द्रावणावर माझ्या मीटरने १.०२२ दाखवलं. म्हणजे टँक १.०२५ नाही, १.०२९ आहे. महिनाभर मासे जास्त खाऱ्या पाण्यात होते आणि मला पत्ता नाही. फार वाईट वाटलं.

प्राणीशास्त्र_अमळनेर · १४ मे, सकाळी ९.४०

व्हिडिओ पाहिला. इकच आहे.

खारंपाणी_धुळे · १४ मे, सकाळी १०.२०

चला, आता नक्की कळलं. एक सांगते, सगळे मासे बाहेर काढावे लागतील, ज्यांच्यावर ठिपका नाही तेसुद्धा. एक जरी आत राहिला तरी रोग आत राहतो.

कॉपरने इक जातो, मीही दोनदा वापरलंय. पण मापायला चांगला टेस्ट किट हवा, रोज मोजावं लागतं, आणि मात्रा कॉपरच्या प्रकारावर बदलते. क्युप्रामाइन लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमला धरतात, कॉपर पॉवरसारखं चिलेटेड २ ते २.५ ला. एकाची मात्रा दुसऱ्याला लावली तर मासे मरतात किंवा रोग तसाच राहतो. तुमच्या बाटलीवर काहीच लिहिलेलं नाही, त्यामुळे ती वापरायचीच नाही. क्षारता १.००९ ला आणण्याचाही मार्ग आहे, पण मीटर कालपर्यंत चुकत होता, त्या भरवशावर मी तो सुचवणार नाही.

तुमच्यासाठी टप बदलण्याची पद्धत. औषध नाही, मेहनत आहे. ८० लिटरचे दोन प्लास्टिकचे टप घ्या. प्रत्येकाला स्वतःचा एअर स्टोन, हीटर, थर्मामीटर. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, जळगावात ते कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. वाळू नाही, दगड नाही. आज संध्याकाळी मासे पहिल्या टपात. ७२ तास व्हायच्या आत दुसऱ्या टपात, ताज्या कालवलेल्या पाण्यात. मग पुन्हा पहिल्यात. म्हणजे १७, २०, २३ आणि २६ मे. गळून पडलेलं कवच फुटायला किमान तीन दिवस लागतात, तोवर मासे पुढच्या टपात गेलेले असतात. १४ ला कातडीखाली असलेला शेवटचा परजीवीही यात मागे पडतो.

पाणी बदलताना जुन्या टपाचा एक थेंबही नव्यात जाऊ देऊ नका. जाळी, पाइप, हात, सगळं वेगळं किंवा कोरडं. रिकामा टप धुऊन गच्चीवर उन्हात पालथा टाका. पूर्ण वाळलं की कवच मरतं, आणि वाळवायला आपल्या मे महिन्यासारखं ऊन दुसरं नाही. फक्त टप वापरण्याआधी सावलीत गार होऊ द्या.

टपात अमोनिया खाणारे जिवाणू नसतात, त्यामुळे अमोनियावर डोळा ठेवा. समुद्री पाण्याचा सामू आठच्या वर, त्यात उष्णता, त्यामुळे थोडाही अमोनिया जहाल ठरतो. खाणं थोडं द्या, उरलेलं पाच मिनिटांत काढा. अमोनिया बांधणारं औषध इथे चालेल, कारण कॉपर नाही. कॉपरच्या पाण्यात ते कधी घालू नका. नवं पाणी १.०२६ ला कालवा. खाली उतरणं माशांना झेपतं, वर चढणं जड जातं. मेन टँक मात्र झोअँथससाठी चार-पाच दिवसांत हळूहळू उतरवा.

२६ तारखेच्या बदलीनंतर मासे ज्या वेगळ्या टाकीत राहतील तिच्यासाठी स्पंज फिल्टर मी देते. माझ्या टँकमध्ये दोन वर्षं रोग नाही आणि नवा मासाही नाही. तुमच्या टँकचा स्पंज वापरू नका, त्यावर कवचं असतील.

कापूसवाला_चोपडा · १४ मे, दुपारी १.३०

भाऊ, मन्ही बी हीच गत व्हयनी व्हती. ताई म्हणतात तसंच करा. एक भर घालतो. टप नवे घ्या, शेतातले फवारणीचे ड्रम कितीही धुतले तरी वापरू नका. मागच्या हंगामात कपाशीवर फवारणी करून आलो, साबणाने हात धुतले आणि टँकमध्ये हात घातला. संध्याकाळपर्यंत श्रिंप उलटे पडले, दुसऱ्या दिवशी दोन मासे गेले. तेव्हापासून फवारणीच्या दिवशी टँकला मुलगाच बघतो. मच्छरची कॉइल आणि स्प्रेसुद्धा त्या खोलीत नको, एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात ओढतो.

तापीकाठ_जळगाव · १४ मे, रात्री ९.५०

पाचही मासे टपात गेले. यलो टँग पकडायला दीड तास लागला, अर्धे दगड बाहेर काढावे लागले.

तापीकाठ_जळगाव · १६ मे, सकाळी ७.०५

पावडर ब्लू रात्री गेला. काल दुपारपासून तळाशी पडून होता, श्वास फार जोरात होता. बाकीचे चौघे ठीक. मुलीला सांगितलं, ती रडली.

खारंपाणी_धुळे · १६ मे, सकाळी ७.४०

भाऊ, वाईट झालं. पावडर ब्लूला इक सगळ्यात लवकर धरतो, आणि तो प्रवासाने आधीच खचला होता. तुम्ही उशीर केला नाही. आता टपाचा अमोनिया लगेच मोजा, आणि उद्याची बदली आजच करा. पुढच्या तारखा एकेक दिवस अलीकडे घ्या, ७२ तासांचं गणित तेच.

तापीकाठ_जळगाव · २५ मे, रात्री ८.१५

चारही बदल्या झाल्या. दोन्ही क्लाउन, यलो टँग, ग्रामा, चौघांवर एकही ठिपका नाही. यलो टँगचे कल्ले ८० वर आलेत. ताईंचा स्पंज काल धुळ्याहून आला, आज नव्या टाकीत लागला. फॅन लावल्यापासून मेन टँक २७.५ वर आहे, क्षारता १.०२६. श्रिंप आणि झोअँथस ठीक. मेन टँक किती दिवस माशांविना ठेवू? कुणी ४५ म्हणतं, कुणी ७६.

प्राणीशास्त्र_अमळनेर · २५ मे, रात्री ९.००

पाणी सतत २७ च्या आसपास राहिलं तर ४५ दिवस पुरतात असं आता बरेच जण धरतात. ७६ हा जुना, सुरक्षित आकडा आहे, कारण कमी तापमानात काही कवचं फार उशिरा फुटतात. तुमच्याकडे दुसरी टाकी चालू झालीये, घाई नाही. १४ मेपासून मोजा, २९ जुलै येतो. तोवर श्रिंपना चिमूटभर खाणं देत राहा, म्हणजे दगडातले जिवाणूही जगतील. आत नवा दगड, नवी गोगलगाय काही टाकू नका, टाकलं तर दिवस पुन्हा एकपासून.

तापीकाठ_जळगाव · २५ मे, रात्री ९.२०

७६ च धरतो सर. कॅलेंडरवर २९ जुलैला मुलीने खूण केलीये. निळी बाटली दुकानात परत दिली. तिथे सांगून आलो की नाव आणि प्रमाण नसलेलं औषध समुद्री टँकवाल्याला देऊ नका.