जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट (अवजार उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा): मॅसी ३५ चा आतला पंप बरा, की बी-२७५ चा बाहेरचा?

फाळ_आणि_तास
जुनाच घ्यायचा तर मॅसी फर्ग्युसन ३५ किंवा त्याच वंशातला टाफेचा १०३५ घ्यावा, महिंद्राच्या बी-२७५ च्या नादी लागू नये. कारण ड्राफ्ट, म्हणजे नांगराची ओढ वाढली की लिफ्टने त्याला आपोआप वर घेणं. फाळ भारी काळीत रुतला की टॉप लिंक (अवजाराला वरून जोडणारा दांडा) मागची स्प्रिंग दाबते, स्प्रिंग पंपाचा व्हॉल्व्ह सरकवते आणि नांगर बोटभर उचलला जातो. वजन मागच्या चाकांवर येतं, चाक घसरत नाही. शिवाय हा व्हॉल्व्ह सक्शनला, म्हणजे पंप तेल ओढतो त्या बाजूला आहे. लिफ्ट स्थिर असताना पंप फिरतो पण तेल ओढत नाही, म्हणून तेल तापत नाही.

दोन_नंबर_पाना
आणि पंप फिरतो कशावर, ते का गाळलंत? ३५ चा चार पिस्टनचा पंप मागच्या हौसिंगमध्ये तेलात बुडालेला, पीटीओच्या (मागून अवजार फिरवणाऱ्या) शाफ्टवर. सिंगल क्लच असेल तर क्लच दाबताच लिफ्ट मेली. बांधाला वळताना नांगर अर्धाच वर. त्याआधीच्या फर्ग्युसन टीई-२० ला (१९४६ ते १९५६) तर पीटीओचा लिव्हर टाकल्याशिवाय लिफ्ट उठतच नाही. महिंद्राने १९६३ च्या भागीदारीतून आणलेल्या बी-२७५ चा गिअर पंप इंजिनवर चालतो, क्लचशी देणंघेणं नाही.

फाळ_आणि_तास
मी डबल क्लच धरूनच बोलतोय. अर्धा दाबला की गिअर सुटतो, पंप चालू. पूर्ण दाबला तरच थांबतो. घेताना एवढंच तपासा.

तेलाचा_डबा
दोघेही तेल विसरलात. ३५ मध्ये गिअर बॉक्स, डिफरन्शियल, लिफ्ट, सगळ्यांना तेल एकच. गिअर लिव्हरचं रबर फाटलं की पावसाचं पाणी थेट आत. तेल दुधाळ होतं आणि व्हॉल्व्ह अडकतो. टिपिंग ट्रॉली जोडली तर ट्रॉली उचलणारा जॅक गिअर बॉक्सचंच तेल पितो, पातळी उतरते, वर नळीच्या कपलिंगची माती परत आत येते. ट्रॉलीवर राबलेला ३५ असेल तर आधी डिपस्टिक काढून तेलाचा रंग बघा, किंमत नंतर.

दोन_नंबर_पाना
तेच म्हणतोय. बी-२७५ ची गळती पाइपावर दिसते. तेल तापल्यावर लिफ्ट दमली तर पंप झिजला, बोल्ट सोडून बदला. ३५ ला सीट काढा, चेन कप्पी लावून लिफ्टचं अख्खं झाकण उचला.

फाळ_आणि_तास
दर वेळी कशाला उचलायचं? अवजार वर धरून इंजिन चालू ठेवा. लिफ्टचे हात नंदीबैलासारखे डोलत असतील तर तेल कुठेतरी सुटतंय आणि पंप पुन्हा पुन्हा भरतोय. इंजिन बंद केल्यावर अवजार खाली बसत गेलं की नक्की: सिलिंडरच्या रिंगा, उभ्या पाइपाच्या ओ-रिंगा नाहीतर पंपाचा व्हॉल्व्ह. (अवजाराखाली ठोकळा लावल्याशिवाय हात घालू नका.) नांगर फक्त चालताना वरखाली होत असेल, तर आधी टॉप लिंकच्या स्प्रिंगचा खेळ बघा. हाताने मागेपुढे हलता कामा नये, बोटांनी फिरली मात्र पाहिजे. हे बाहेरूनच होतं.

दोन_नंबर_पाना
स्प्रिंग बाहेरून, हो. रिंगा आणि ओ-रिंगांना झाकण उचलावंच लागतं. आणि परत बसवताना बाजूची झाकणं उघडून आतले उभे लिव्हर पंपाच्या व्हॉल्व्हशी जुळलेत का ते डोळ्यांनी बघावं लागतं. चुकले तर लिफ्ट एकतर उठत नाही, नाहीतर वर जाऊन उतरत नाही, आणि कप्पी पुन्हा लावायची. ही मजुरी ३५ च्या किमतीत धरूनच तुलना करा.