औषधी वनस्पतींच्या शेतीत डिग्री करता येते का?

घोडबंदरकर: मुलगी बारावी सायन्सला आहे, ठाण्यातच राहतो. तिला औषधी वनस्पतींची लागवड शिकायचीय, आयुर्वेद डॉक्टर नाही व्हायचं म्हणते. शहापूरला मामाची दोन एकर पडून आहे, तिथे अश्वगंधा लावू म्हणते. कुठला कोर्स बघू?

ऐरोलीचा_माळी: फक्त ह्याच विषयाची बीएस्सी शोधत बसू नका. बीएस्सी हॉर्टिकल्चर किंवा ॲग्री करायचं, चार वर्षं, सीईटी द्यावी लागते. आपल्याला जवळ म्हणजे दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ. त्यात औषधी आणि सुगंधी वनस्पतींचा पेपर असतो, खरं स्पेशलायझेशन एमएस्सीला, मसाला पिकांसोबत. पुढे रिसर्च करायचा तर लखनौचं सीमॅप, म्हणजे औषधी-सुगंधी वनस्पतींची केंद्रीय संशोधन संस्था, आहेच.

नेरुळची_ताई: आणि अश्वगंधाचं जरा सांभाळून हं, ते कोरड्या हवेचं पीक, म्हणून तर मध्य प्रदेशात नीमचला त्याचा एवढा मोठा बाजार आहे, शहापूरच्या पावसात पाणी साचलं की मुळं कुजणार. नारळ सुपारीच्या सावलीत लेंडी पिंपळी बरी येते. शतावरी लावली तर दीड दोन वर्षं थांबायची तयारी ठेवा, आणि लावायच्या आधी घेणारा शोधा! मी कोरफड लावून बसले होते, शेवटी सोसायटीत फुकट वाटली 😅

घोडबंदरकर: बापरे, बरं झालं विचारलं. दापोलीला हॉस्टेल आहे ना पण मुलींसाठी?

ऐरोलीचा_माळी: आहे आहे. एकदा तिलाच घेऊन जा, चिखलात फिरवून आणा, मग ठरवू दे.