उपकरण आपले, प्राण सर्व्हरमध्ये

मोठ्या कंपनीने विकत घेतले की लहान कंपनीच्या स्मार्ट, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या, घरगुती उपकरणांना दीर्घायुष्य लाभते, असे म्हटले जाते; मला ते अर्धेच पटते. गूगलने २०१४ मध्ये घराचे तापमान सांभाळणारी स्मार्ट यंत्रे बनवणारी नेस्ट ही कंपनी ३.२ अब्ज डॉलर्सना घेतली आणि त्याच वर्षी नेस्टने घरातील निरनिराळी उपकरणे एकत्र चालवणारा हब बनवणारी रिव्हॉल्व ही कंपनी घेतली. हबची विक्री लगेच थांबली आणि मे २०१६ मध्ये, ज्यांच्या जोरावर हब चालत असे ते कंपनीचे दूरचे संगणक, म्हणजे सर्व्हर, बंद होताच सुमारे ३०० डॉलर्सचे ते धडधाकट यंत्र निव्वळ डबा होऊन बसले. राक्षसाचा जीव पोपटात असावा, तशातला हा प्रकार.

अर्थात, व्यवहार मोडणे हेही नेहमी हिताचे नसते. युरोपीय आयोगाच्या हरकतींमुळे अ‍ॅमेझॉनने जानेवारी २०२४ मध्ये घर झाडणारे रोबोट बनवणाऱ्या आयरोबोट या कंपनीची खरेदी सोडून दिली आणि आयरोबोटने लगोलग सुमारे ३१ टक्के कर्मचारी कमी केले.

पुण्यात उपकरण किती टिकेल हा प्रश्न अधिक बोचतो, कारण कोथरूडकडच्या अनेक जुन्या इमारतींत स्विचबोर्डापर्यंत न्यूट्रलची (विजेचा परतीचा मार्ग पुरा करणारी) तार आलेलीच नसते, आणि बऱ्याच स्मार्ट स्विचना ती लागत असल्याने अनेकदा आधी भिंत फोडावी लागते (वर रंगकाम वेगळेच). एवढा खटाटोप करण्यापूर्वी तपकीर गल्लीतल्या (पुण्याच्या विजेच्या सामानाच्या बाजारातल्या) दुकानदाराला मालक कंपनी कोण हे विचारण्याऐवजी, इंटरनेट बंद असतानाही ते बटण चालते का, हे प्रत्यक्ष दाखवायला सांगावे.