नवा पीसी जोडला, एफपीएस ९५ दाखवतोय पण गेम स्मूद वाटतच नाही, काय चुकलं?

निशाचर_०७:
मंडळी नमस्कार, मदत पाहिजे. दीड वर्ष पैसे साठवून पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने पीसी जोडलाय. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, आरटीएक्स ४०६० ८ जीबी ग्राफिक्स कार्ड, डीडीआर५ रॅम ८-८ जीबीच्या दोन स्टिक ६००० स्पीडवाल्या, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी आणि २७ इंची १४४०पी मॉनिटर १६५ हर्ट्झचा. सगळं पहिल्या फटक्यात चालू झालं, विंडोज टाकली, ड्रायव्हर टाकले, पण गेममध्ये कोपऱ्यात एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, बनतात तो आकडा) ९०-९५ दिसतोय आणि डोळ्याला मात्र जुन्या लॅपटॉपसारखंच दिसतंय. वर गर्दीच्या चौकात गाडी वळवली की अर्धा सेकंद सगळं गोठतं. तापमान बघितलं, प्रोसेसर ६८ आणि कार्ड ७० डिग्री, म्हणजे गरम पण होत नाहीये. प्रोसेसर कमी पडतोय का? रॅम बदलू का? परत करायची मुदत संपत आलीय म्हणून जीव खालीवर होतोय.

तारांचा_गुंता:
काही परत करू नकोस, पार्ट चांगले निवडलेत. आधी डिस्प्ले सेटिंगमध्ये जा, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघड आणि रिफ्रेश रेट, म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो हर्ट्झचा आकडा, किती आहे ते बघ. नवीन मॉनिटर लावला की विंडोज पुष्कळदा ६० वरच ठेवते. ६० ला चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १६५ ला साधारण ६ मिलिसेकंदांनी. म्हणजे कार्ड ९५ फ्रेम बनवतंय आणि मॉनिटर तुला ६०च दाखवतोय, मग फरक जाणवणार कसा? केबल डिस्प्लेपोर्टचीच लाव, जुन्या एचडीएमआय केबलवर १६५ चा पर्याय कधीकधी दिसतच नाही. आणि केबल ग्राफिक्स कार्डातच खोचलीयेस ना ते वाकून बघ, ७६०० ला स्वतःचं छोटं ग्राफिक्स असतं त्यामुळे बोर्डाच्या पोर्टला लावली तरी चित्र येतं आणि माणूस फसतो.

जुनी_खेळाडू:
वरचं सगळं बरोबर, पण ते गोठणं मला रॅमचं वाटतंय. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड बघ, ४८०० दिसला तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारं सेटिंग, चालू केलेलं नाहीयेस. ६००० ची रॅम आपोआप ६००० वर चालत नाही, ते आपल्याला चालू करावं लागतं. आणि चार स्लॉट असतील तर दोन स्टिक शेजारीशेजारी लावायच्या नाहीत, प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा. शेजारी लावल्या की दोन्ही एकाच चॅनेलवर (प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच रस्त्यावर) जातात.
महत्त्वाचं म्हणजे बदल केल्यावर पहिल्यांदा चालू करशील तेव्हा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहील, बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो. तेव्हा बटण दाबू नकोस. मी घाबरून तीनदा बंद केला होता आणि दरवेळी ती जुळवणी पहिल्यापासून सुरू व्हायची, अर्धी रात्र गेली माझी.

निशाचर_०७:
दोघांचेही खूप खूप आभार!! रिफ्रेश रेट खरंच ६० होता. केबल कार्डातच होती. आणि रॅम पहिल्या-दुसऱ्या स्लॉटमध्ये, मला वाटलं ओळीने भरायच्या असतात. काढून दुसऱ्या-चौथ्यात बसवल्या, दोन्हीकडून खटक् आवाज येईपर्यंत दाबल्या, एक्स्पो चालू केलं आणि मग स्क्रीन काळी, बोर्डावरचा रॅमचा लाइट नुसता पेटलेला. ताई तुमचं वाचलं होतं म्हणून हात मागे घेऊन बसलो, तीनेक मिनिटांनी लोगो आला. आता ६००० दाखवतंय आणि माऊस नुसता हलवला तरी फरक कळतो. चौकातला झटका बराच कमी झाला पण एका गेममध्ये अजून आहे.

पिक्सेलमोजणी:
तो उरलेला झटका कार्डाच्या मेमरीचा असणार. १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल आणि १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, पावणेदोन पटीच्या वर काम. त्यात टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) अल्ट्रावर ठेवलंस की कार्डाची ८ जीबी मेमरी भरते, मग कार्डाला साध्या रॅममधून माल ओढावा लागतो आणि तो रस्ता खूप हळू. टेक्श्चर एक पायरी खाली आण, बाकीचं हाय राहू दे, चालत्या गेममध्ये फरक दिसणारही नाही. म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो की मॉनिटर आधी ठरवा आणि त्याच्या मापाचं कार्ड घ्या, उलटं केलं की असं होतं. अ‍ॅडाप्टिव्ह सिंक (मॉनिटरचा रिफ्रेश रेट कार्डाच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) पण चालू कर, मॉनिटरच्या मेनूत आणि ड्रायव्हरमध्ये, दोन्हीकडे.

तारांचा_गुंता:
+१. आणि खेळताना ब्राउझरचे ढीगभर टॅब बंद ठेव, १६ जीबी रॅम हल्ली मोठ्या गेमना जेमतेमच पुरते. पुढे पैसे जमले की आधी १६-१६ चा जोड घे, आहेत त्यात अजून दोन स्टिक घुसवू नकोस, डीडीआर५ चार स्टिकवर पूर्ण स्पीडला चालायला कुरकुरते.

निशाचर_०७:
टेक्श्चर हायवर आणलं, त्याच चौकात दहा वेळा गाडी वळवून बघितली, एकदाही गोठलं नाही. परत करायचं खोकं पुन्हा माळ्यावर टाकलं.